फक्त फॉर्मॅलिटी

दि. ४ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा बरा आहे, टेबलावरचा दिवाही बरा आहे. मैत्रिणीच्या खोलीवर तुझंही सगळं बरं असावं. फोन करायचा नाही असं आपलं ठरलंय, तेव्हा लिहिते. तसंही फोनवर मी ‘हं, बरं, ठेवते’ याच्या पुढे कधी गेलेय?

तुझं पाकीट शनिवारी मिळालं. कुरिअरवाल्याने सही मागितली. म्हटलं, बाबा रे, दारावर माझ्याच डेंटल लॅबची पाटी आहे, तू मला रोज बघतोस, सही कशाला? तर म्हणाला, “मावशी, फॉर्मॅलिटी आहे हो, करून टाका.” केली. तेव्हा कुठे ठाऊक होतं की पाकीट फोडल्यावर तोच शब्द आतून डोळे वटारणार आहे.

‘आदरणीय काकू, सादर नमस्कार.’

काकू! मी पाकीट उलटं करून नाव पुन्हा बघितलं. वाटलं, शेजारचं टपाल माझ्याकडे आलं. पण अक्षर तुझंच, डावीकडे झुकलेलं. ‘आपल्या मार्गदर्शनाखाली मला जो अनुभव मिळाला त्याबद्दल मी आपली ऋणी आहे. सोबत एक फॉर्म जोडला आहे. ती केवळ एक फॉर्मॅलिटी आहे. आपल्या सहकार्याबद्दल आगाऊ आभार.’

आगाऊ तर तू पहिल्यापासूनच आहेस, त्याचं नवल नाही. पण सहकार्य? माझ्या हातातलं मेण हिसकावून घेऊन ‘अहो आई, तुम्ही जरा उठा, मला बघू द्या’ म्हणणारी मुलगी सहकार्याबद्दल आभार मानते? मला आधी हसू आलं. मग राग आला. मग मी पत्र घडी करून दातांच्या डब्याखाली ठेवलं आणि दुपारभर पॉलिशचं काम केलं, कारण त्या यंत्राच्या आवाजात स्वतःचं काही ऐकू येत नाही.

कामाचं सांगते. बँडमास्तरांची कवळी परत आली. आठवतात ना, जन्मभर ट्रंपेट वाजवून निवृत्त झालेले, ज्यांच्या वरच्या जबड्याचा साचा हातात घेऊन तू ‘केवढं हे सभागृह’ म्हणाली होतीस? तो साचा तू ओतून ठेवला होतास, दात मी नंतर लावले. डॉक्टरीणबाईंनी कवळीसोबत चिठ्ठी पाठवली: ‘पेशंटची तक्रार, डावीकडून हसता येत नाही.’

ही कसली तक्रार, असं म्हणून मी दिव्याखाली धरून बघितली. उजवी बाजू ठीक होती. डावीकडचे दात मात्र कवायतीला उभे. सुळा ताठ, त्यामागची दाढ ताठ, एकाचा खांदा दुसऱ्याला लागेल तर शपथ. खऱ्या माणसाचे दात असे नसतात हे मीच तुला शिकवलं. एखादा जरासा वळलेला असतो, एखादा शेजाऱ्यावर रेललेला असतो. हे डावीकडचे दात परक्या घरी खुर्चीच्या टोकावर बसलेल्या पाहुण्यासारखे दिसत होते. त्यांच्याबरोबर कोण हसणार?

डावी बाजू मी लावली होती. दुसरं कोण लावणार आता? तू यायच्या आधी मी दोन्ही बाजू एकटीच लावायचे, आणि कुणाची तक्रार नव्हती. मग तू आलीस, डावखुरी, समोरची खुर्ची ओढून बसलीस, आणि न ठरवता ठरून गेलं: साचा मध्ये, उजवी बाजू माझी, डावी तुझी, पुढच्या दोन पटाश्यांपैकी एक माझी, एक तुझी. दुसऱ्या कुठल्याही लॅबमध्ये एका कवळीला असे दोघींचे हात लागत नसतील. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, “एक तोंड आणि दोन मालकिणी, पेशंटने बोलायचं कुणाला विचारून?” इतकी वर्षं तशीच गेली आणि माझ्या हाताची डावीकडची सवय मोडली. म्हणजे ही चूक माझ्या हाताची नव्हे, तुझ्या रिकाम्या खुर्चीची आहे, असं मी डॉक्टरीणबाईंना कळवलेलं नाही. ‘दुरुस्त करून पाठवते’ एवढंच कळवलं.

तो शब्द मात्र डोक्यातून जाईना. माझ्या घरात तो तूच आणलास, विसरलीस? लग्नानंतरचा पहिला आठवडा. मी तुझ्यासाठी कपाटातला चांगला कप काढला, बशी पुसून घेतली. तू तो कप परत आत ठेवलास आणि ओट्यावरचा कान तुटलेला उचललास. “अहो आई, एवढी फॉर्मॅलिटी केलीत तर मी राहायची कशी इथे?” मी हा शब्द कानांनी ऐकला होता, पण माझ्या स्वयंपाकघरात तो कुणी पहिल्यांदाच उच्चारला. अर्थ विचारावा लागला नाही. फॉर्मॅलिटी म्हणजे तो चांगला कप. ती नको, म्हणजे तू घरची.

काल चिरंजीवांचा शाळेतला शब्दकोश काढून बघितला. त्यात ‘औपचारिकता’ दिलंय. म्हणजे एका जड शब्दाच्या जागी त्याहून जड शब्द, तोही लांबलचक. असल्या पुस्तकांनी पोरं शिकली तरी कशी कोण जाणे.

तुझ्या पाकिटातला दुसरा कागद बघते सवडीने. सध्या काम फार आहे.

जेवत जा वेळेवर. तुला भूक लागली की तू भांडतेस, आणि तिथे भांडायला कोण आहे?

तुझी,
(काकू कोण ते मला माहीत नाही)
आई

•

दि. १५ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद. तुझं उत्तर आलं. या वेळी काकू नाही, आई नाही, कुणीच नाही, एकदम मजकुरालाच सुरुवात. तरी बरं वाटलं. निदान परक्या बाईचं पत्र वाटलं नाही.

तू लिहिलंस ते मी कितीदा वाचलं सांगत नाही. ‘तसं लिहिलं नसतं तर लिहिताच आलं नसतं. अहो आई असं लिहून तीनदा बसले, पुढे हात चालेना. मग नोकरीच्या एजन्सीने दिलेल्या नमुन्यावरून उतरवून काढलं. त्यात काकू होतं की मॅडम होतं आठवत नाही, मॅडम असेल तर काकू मीच केलं असेल.’

म्हणजे मॅडमवरून काकूपर्यंत बढती दिलीस मला! आभारी आहे.

थट्टा करते, पण वाचून माझा राग गेला. मी तुझ्यावर चिडले होते की ही मुलगी आता आपल्याशी चांगल्या कपातून बोलायला लागली. आणि तू तर बिचारी कशाला तरी धरून उभी राहायला बघत होतीस. जिना उतरताना गुडघा दगा देतो तेव्हा मी कठडा धरते, कठड्यावर प्रेम आहे म्हणून नव्हे. तेव्हा मागच्या पत्रात काही टोचलं असेल तर मनाला लावून घेऊ नकोस.

हा शब्द आता मला जिथे तिथे ऐकू येतो. खालच्या मजल्यावरचे आजोबा गेले, तर शेजारीण म्हणाली, “चला, फॉर्मॅलिटी म्हणून जाऊन येऊ.” तिथे गेल्यावर तीच बाई आजींच्या गळ्यात पडून अशी रडली की तिला पाणी मी आणून दिलं. परतताना म्हणाली, “कधी बोलणंसुद्धा नव्हतं हो आमचं.” डॉक्टरीणबाई दात काढायच्या आधी पेशंटची सही घेतात, “काही नाही, फॉर्मॅलिटी,” आणि पेशंटचा चेहरा पांढरा पडतो. वकील तुमच्याबद्दल तेच म्हणाले. “दोघांची संमती आहे, वाद नाही, मागणं नाही, आता फक्त फॉर्मॅलिटी उरलीय.” ज्याने काही बदलत नाही असं सगळे हात झटकून सांगतात आणि ज्याच्यानंतर काहीच पहिल्यासारखं राहत नाही, त्याला फॉर्मॅलिटी म्हणत असावेत. कोशवाल्यांना कळवावं म्हणते.

एक सांगू? तुमचं मोडणार हे मला तुमच्याआधी कळलं होतं. तुम्ही भांडला असतात तर मी मध्ये पडले असते, एकेकाचा कान धरला असता. पण तुम्ही भांडलाच नाहीत. एकदा जेवताना चिरंजीवांनी तुला मीठ दिलं आणि तू म्हणालीस, “थँक यू.” तो म्हणाला, “यू आर वेलकम.” मिठासाठी! मी तिथेच ओळखलं. माझ्या नवऱ्याने मला जन्मात थँक यू म्हटलं नाही, आणि तो गेल्यावर मी त्याच्या न म्हटलेल्या सगळ्या गोष्टींसाठी रडले. तुमच्या टेबलावर मात्र सगळं म्हणून होत होतं आणि खाली काही उरत नव्हतं. तो माझा मुलगा आहे, त्याला मी वाईट म्हणणार नाही. तोंड शिवलेला आहे, दुष्ट नाही. तूही काही कमी केलं नाहीस. दोन चांगली माणसं एका घरात सभ्यपणे वागत वागत परकी झाली, आणि मी समोर बसून आमटी वाढत राहिले.

बरं. तुझा फॉर्म वाचला. आता सवड नव्हती असं म्हणण्यात अर्थ नाही, तो पहिल्याच दिवशी वाचला होता. नोकरी एवढी लांब आहे हे मला त्या फॉर्मवरच्या पत्त्यावरून कळलं. समुद्र ओलांडून. तिथली लॅब एवढी मोठी आहे की एक माणूस फक्त पटाशीच लावतो म्हणे. तुझा डावा हात बघून त्यांची तारांबळ उडेल.

त्यात एक रकाना आहे. ‘उमेदवाराशी असलेलं नातं.’ आणि खाली बारीक अक्षरात, की शिफारस करणारी व्यक्ती उमेदवाराची नातेवाईक असल्यास अर्जाचा विचार होणार नाही. तू हे वाचलं असशीलच, म्हणूनच ती काकू. मी डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, “लिहा की ‘नाही’. कोण येतंय तपासायला? फॉर्मॅलिटी तर आहे.” म्हटलं, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत ती माझी सून आहे. खोटं लिहून दिलं आणि उद्या कुणी विचारलं तर नोकरी तिची जाईल. त्या म्हणाल्या, “मग निकाल लागल्यावर लिहा.” सरळ आहे, नाही? निकाल लागेपर्यंत मी थांबायचं. फॉर्म टेबलाच्या खणात आहे. खण मी उघडत नाही.

तू शेवटी लिहिलंयस की महिनाअखेरपर्यंत फॉर्म पोचायला हवा, ‘पण नाही जमलं तरी चालेल, इथेच काहीतरी बघेन.’ आणि त्याच्या खाली, सहज विचारल्यासारखं, ‘कामाला कुणी मिळालं का?’

नाही मिळालं. मिळेल कसं, मी कुणाला सांगितलेलंच नाही. तुझ्या खुर्चीवर सध्या साच्यांचे खोके ठेवलेत, म्हणजे कुणी बसणार नाही.

त्या खुर्चीचं मी खूप दिवस मनात घोळवते आहे. तुमचं वेगळं व्हायचं ठरल्यानंतरही तू महिनाभर कामाला येत होतीस, आणि मला वाटत होतं, चला, सून गेली तरी हात राहिला. पण त्या खुर्चीत बसलं की समोर तुमच्या खोलीचं दार दिसतं. तू मान वर करायचीस आणि तुझ्या हातातला दात मेणात टेकायच्या आधी थांबायचा. आपण खुर्च्या बदलून बघितल्या. मग दार माझ्यासमोर आलं, पण डावी बाजू माझ्या हाताखाली आणि उजवी तुझ्या हाताखाली, दोघींचे कोपर एकमेकींना लागायचे, आणि एकदा सगळा जबडाच खाली पडला. तू हसलीस. खूप वेळ हसलीस. मग उठून आत गेलीस आणि त्यानंतर आली नाहीस.

मी त्या दारावर पडदा लावलाय. सहज सांगितलं. धूळ फार येते म्हणून.

तुझी,
वाट वगैरे काही बघत नसलेली
आई

•

दि. २६ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद, खूप खूप.

आधी बँडमास्तर. त्यांच्या कवळीची डावी बाजू मी शेवटी माझ्या डाव्या हाताने लावली. सुरी पकडता येत नव्हती, मेण बोटांना चिकटत होतं, एक दाढ बसवायला चहाचे दोन कप लागले. पण हात अडाणी असल्यामुळे दात आपोआप वाकडेतिकडे बसले. काल ते स्वतः सांगायला आले. म्हणाले, “बाई, आता दोन्हीकडून हसू येतं. पण वेगवेगळं येतं.” म्हटलं, कसं? तर आधी उजवीकडून हसून दाखवलं, मग डावीकडून. “हे लग्नातलं आणि हे मित्रांमधलं,” म्हणाले. पैसे परत मागितले नाहीत, म्हणजे खूश असावेत.

सोमवारी चिरंजीव आले. निकालाची प्रत घेऊन. तुलाही मिळाली असेल. दारातच म्हणाला, “आई, झालं. फॉर्मॅलिटीच होती.” आणि चपला काढून सरळ बेसिनपाशी जाऊन हात धूत राहिला. इतका वेळ हात कोण धुतं? मी चहा टाकला. त्याच्या पाठीकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर तो थांबला असता, आणि त्याला थांबवायचं नव्हतं. तुला वाटत असेल त्याला काही वाटलं नाही, तर तसं नाही, एवढंच तुला सांगायचं होतं. त्याचा तुला आता उपयोग नाही हेही मला कळतं.

चहा घेताना त्याने विचारलं, “तिचा फॉर्म पाठवलास?”

मी चकित झाले. त्याला कसा ठाऊक? तर तू त्याला एका ओळीचा निरोप केला होतास म्हणे, निकाल कधी लागेल एवढाच. त्याने डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्यांनी सगळं सांगितलं, आणि हा वकिलाकडे जाऊन बसला. तारीख पुढच्या महिन्यातली होती. विनंती करून अलीकडची मागून घेतली. म्हणाला, “महिनाअखेर म्हणाली होती ना. तुला सही करता यायला हवी.”

एवढं समजून वागणं तेव्हा कुठे ठेवलं होतंस, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. गिळलं. पोराने जन्मात पहिल्यांदा तुझ्यासाठी न सांगता काही केलं, तर ते तुला मोकळं करण्यासाठी. त्याला रागवायचं की पाठीवर हात ठेवायचा ते मला कळेना. हात ठेवला. तो लहान असताना ठेवायचे तसा. आणि मग मला कळलं की आता थांबायला माझ्याकडे काही निमित्त उरलेलं नाही.

तो गेल्यावर खण उघडला.

पहिले रकाने पटापट झाले. उमेदवाराला काय काम येतं? सगळं येतं. साचा, मेण, मांडणी, पॉलिश. अचूकता? उत्तम. वक्तशीरपणा? खोलीतून टेबलापर्यंत यायला तुला रोज उशीर व्हायचा, पण मी ‘वक्तशीर’ लिहिलंय, तिथे लाज राख. स्वभाव? आधी ‘बडबडी’ लिहिलं. मग ते खोडून ‘सहकाऱ्यांशी उत्तम संवाद’ केलं. खाडाखोड दिसते थोडी, पण वाचता येत नाही, उजेडात धरून बघितलं. ‘इतर काही’ असा एक मोठा रकाना होता. तिथे मी लिहिलं की या उमेदवाराने लावलेले दात तोंडात गेल्यावर कुणाला ओळखू येत नाहीत, पेशंट ते विसरून जातात आणि जेवायला बसतात. आपल्या कामात याहून मोठी शिफारस नाही. बाकी सगळं त्यांच्या भाषेत आणि डॉक्टरीणबाईंच्या मदतीने, ‘प्रमाणित करण्यात येते की’ वगैरे. त्या भाषेचा मला या वेळी राग आला नाही. कशाला तरी धरून बसायला मलाही हवंच होतं.

मग नात्याचा तो एकच रकाना उरला.

त्या दिवशी ते खोटं होतं म्हणून मला लिहिता आलं नाही. सोमवारपासून ते खरं आहे, सहीशिक्क्यानिशी खरं आहे, आणि तरी हात चालेना. मंगळवारी नाही लिहिलं. बुधवारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला, “पाठवलात ना? अहो, पोचायला वेळ लागतो तिकडे.” हो हो म्हटलं. मी स्वतःशी वाद घालत होते. माझं डोकं म्हणत होतं, बाई गं, एक शब्द आहे, त्याने काय होणार? आणि मन म्हणत होतं, मंगळसूत्र घातल्याने काही होत नाही, सही केल्याने काही होत नाही, तर मग ही पोरगी माझ्या घरात आली होती कशाने?

भिंगरी, आता सरळ लिहिते, कारण आडून आडून लिहून माझाच जीव थकला.

मला तू हवी आहेस. मुलाची बायको म्हणून नव्हे, ती गोष्ट संपली, ते मी मान्य केलंय. कामाला हात हवा म्हणूनही नव्हे, डावा हात मी शिकेन. तू समोर बसून बडबडतेस, गाणं अर्धवट सोडून दुसरं म्हणतेस, माझा चष्मा माझ्याच डोक्यावर आहे हे मला न सांगता शोधू देतेस, ते हवं आहे. दुपारी कुणी विचारत नाही, ‘अहो आई, चहा टाकू की भांडू?’ घरात इतकी शांतता आहे की मेण गळल्याचा आवाज येतो. मला मुलगी नव्हती आणि मला तिची उणीव कधी भासलीही नव्हती. ती भासली तू येऊन गेल्यावर.

पडदा धुळीसाठी लावलेला नव्हता, हे तुला कळलंच असेल. मी तुला बोलवायला बसले होते. ‘ये’ एवढाच शब्द लिहायचा होता, की ये, आपण खोलीचं दारच विटांनी बुजवून टाकू, खुर्ची खिडकीकडे लावू. आणि मी ये म्हटलं तर तू येशील. हे मला पक्कं ठाऊक आहे. तू तसं तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीत जवळपास विचारलंच आहेस. तू येशील, पडद्याकडे पाठ करून बसशील, मला हसवशील, आणि चिरंजीव भेटायला येतील त्या दिवशी काहीतरी काम काढून बाहेर जाशील. वर्षानुवर्षं. आणि एक दिवस मला मीठ देताना तू मला थँक यू म्हणशील.

म्हणून म्हणत नाही.

काल सकाळी देव्हाऱ्यापुढे नाही, खिडकीपुढे नाही, आपल्या टेबलाशी बसून तो रकाना भरला. ‘उमेदवाराशी असलेलं नातं: नाही.’ एकाच फटक्यात लिहिलं, अक्षर हललेलं नाही. सही केली, शिक्का मारला. कुरिअरवाल्याकडे दिलं तेव्हा त्याने पावतीवर पुन्हा माझी सही घेतली, आणि या वेळी मी त्याला काही विचारलं नाही. मूळ फॉर्म थेट त्यांच्या पत्त्यावर गेलाय, तुझ्याकडे फक्त ही नक्कल येतेय, नियमच आहे तसा. त्या ओळीवरून नजर पुढे ने. ती तुला लिहिलेली नाही.

जा. नीट जा. तिथे कुणाचं ऐकू नकोस, दोन्ही बाजू तू स्वतः लावायला शीक. पहिल्या दिवशी कुणी चांगल्या कपात चहा दिला तर मुकाट्याने घे, लगेच तोंड उघडू नकोस.

तुझी,
जिने आज तुझ्याशी काही नातं नाही असं सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं, ती
आई